चौथी कोनशिला

१

"कोनशिला गेली! चोरीला गेली हो!"

वस्ती समितीचे अध्यक्ष फोर्तुनातो लारुता सभागृहाच्या दारात उभे राहून बोंबलले, आणि फाटकाखाली पेंगत बसलेला बँडमधला ढोलवाला दचकून आपल्याच ढोलावर कोसळला. व्हिया कोल्पानी वस्तीला त्या सकाळी जाग आली ती त्या दणक्याने.

समोरच्या दुकानाचं दार उघडत असलेल्या कासिमिराबाई युख्रांनी हातातलं कुलूप घाघऱ्याच्या खिशात टाकलं, डोक्यावरची गोल हॅट सारखी केली आणि रस्ता ओलांडला. त्यांचं दुकान नाचाच्या पोशाखांचं. सणावाराला अख्खी वस्ती तिथूनच झगमगाट भाड्याने न्यायची. पण बाईंना मान होता तो वेगळ्याच कारणाने. त्या समितीच्या तंटा-सचिव होत्या. उंच पठारावरच्या एल आल्तोच्या वस्त्यांत एक वेळ अध्यक्षावाचून चालेल, तंटा-सचिवावाचून पान हलत नाही. कुणाच्या कुत्र्याने कुणाची कोंबडी खाल्ली, कुणाचा नवरा कुणाच्या खिडकीखाली गिटार घेऊन बसतो, सगळं त्यांच्यापुढे यायचं. आजवर एकही भांडण त्यांनी पोलिसचौकीची पायरी चढू दिलं नव्हतं, आणि याचा त्यांना चांगलाच ताठा होता.

"ओरडू नका, अध्यक्ष. दगडाला कान नसतात. तो काही 'आलो आलो' म्हणत यायचा नाही," त्या म्हणाल्या आणि आत शिरल्या.

सभागृहात मधोमध टेबल होतं. काल दुपारी खालून, ला पासहून, सरकारी जीपमधून आलेली कोनशिला याच टेबलावर ठेवून वर तिरंगी कापड घातलं होतं. आता नुसतं कापड होतं. छान चौघडी घातलेलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"चोर मोठा टापटिपीचा दिसतोय."

"थट्टा सुचतेय तुम्हाला?" फोर्तुनातो रडकुंडीला आले होते. "दुपारी निधीच्या कचेरीचे संचालक येणार. काम सुरू झाल्याचा फोटो आज गेला नाही तर पाळणाघराचा निधी परत. वर्ष संपलं, कचेरीचे हिशेब बंद!"

बाईंची थट्टा नुसती ओठावर होती. बाईंची लेक निल्दा बाजारात बटाटे विकायची, आणि तिची तान्ही नायरा दिवसभर गाळ्याखाली केळ्यांच्या खोक्यात निजायची. बाजारातली निम्मी पोरं अशीच खोक्यांत वाढत होती. मागच्या महिन्यात एका हातगाडीचं चाक त्या खोक्याचा कोपरा चिरडून गेलं. नायराला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून तिच्या आजीच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. पाळणाघर व्हायला हवं, हा एकच ध्यास त्यांनी घेतला होता.

तसा कोल्पानीत कोनशिलांचा तोटा कधीच नव्हता. सभागृहामागच्या मैदानात तीन होत्या. पहिली शाळेच्या वर्गांची, दुसरी दवाखान्याची, तिसरी याच पाळणाघराची. तीनदा साहेब आले, तीनदा टाळ्या पडल्या, तीनदा फोटो निघाले. वर एक वीट चढली नाही. पुढे फुटबॉलवाल्यांनी दोन दगडांचा एक गोल केला. समोरच्या गोलला एका बाजूला तिसरा दगड, दुसऱ्या बाजूला फुटकी बादली.

सभागृहाला दार एक, खिडक्यांना गज. दारापुढे अंगण आणि अंगणाला फाटक एकच. रात्री पावसाची भुरभुर होती म्हणून बँडवाले त्याच फाटकाच्या छपराखाली पहाटेपर्यंत सराव करत बसले होते.

"मावशी, दगड सोडा, आमच्या नाकासमोरून कुणी काडेपेटी नेली नाही," ढोलवाला कपाळाचं टेंगूळ चोळत म्हणाला. "मिनीबसवाला रुफिनो बटाट्याची पोती आत टाकून रिकाम्या हाताने गेला. पेत्रोनामावशी आणि निल्दाताई आम्हाला चहा देऊन परत आत गेल्या. बस."

म्हणजे दगड आतच असणार. सगळ्यांनी मिळून बाक उलटे केले, पोती ओतली, ढोल हलवून पाहिले. मागच्या स्वयंपाकघरातला सरपणाचा ढीग उपसला. पेत्रोनाबाई सिर्पा तिथे पाट्यावर मिरची वाटत बसल्या होत्या. वस्तीच्या जेवणावळींच्या त्या मुख्य आचारी, शिवाय निल्दाच्या मानलेल्या आई. त्यांनी वरवंटा न थांबवता सगळ्यांचा उद्धार केला. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून एक जाडजूड दगड टेकवला होता, त्याला फोर्तुनातोंना ठेच लागली.

"सापडला!" ते किंचाळले आणि त्यांनी तो उलटापालटा केला. त्यावर नाव ना गाव. एका बाजूने नुसता घासून घासून खोलगट झालेला. फोर्तुनातो अंगठा धरून खाली बसले.

दगड बाहेर गेला नव्हता आणि आतही नव्हता. मग काय तो वितळला?

२

"आधी पोटात काही घाला. उपाशी माणसाला चोर सापडत नाही," पेत्रोनाबाईंनी फर्मावलं, आणि उकडलेले बटाटे, चीज आणि टोमॅटो-मिरचीची ल्याख्वा पुढे ठेवली. पेत्रोनाबाईंच्या चटणीसाठी दुसऱ्या वस्तीतली माणसं लग्नाला न बोलावता यायची.

कासिमिराबाईंनी फोर्तुनातोंना समोर बसवून घेतलं.

"अध्यक्ष, कोनशिलेवर संचालकांचं नाव होतं, मंत्र्यांचं होतं. तुमचं नव्हतं. काल दगड पाहून तुमचं तोंड एवढंसं झालं होतं."

"म्हणून मी चोरीन? माझ्याच वस्तीचा दगड?"

"मी फक्त तोंडाबद्दल बोलले. तुम्ही चोरीबद्दल बोललात."

फोर्तुनातोंनी बटाटा चटणीत बुडवून तोंडात कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको. कुर्रकन आवाज झाला आणि त्यांनी गाल धरला.

"पेत्रोनाबाई! चटणीत काय, दगड घातलेत?"

"तुमच्या दातांचं बघा आधी. माझ्या चटणीला नाव ठेवणारा अजून जन्माला यायचाय!" आतून जबाब आला.

कासिमिराबाईंच्याही दाताखाली कच आली होती. पण पेत्रोनाबाईंच्या तोंडाला लागण्याची त्यांची हिंमत नव्हती. त्या फोर्तुनातोंकडे नुसत्या बघत राहिल्या. असं नुसतं बघणं हे त्यांचं खास हत्यार होतं. भलेभले नवरे त्यापुढे कबूल झाले होते.

"बरं, सांगतो," फोर्तुनातोंनी मान खाली घातली. "बँडवाले चहाच्या किटलीभोवती जमले तेव्हा मी त्यांच्या पाठीमागून आत सटकलो होतो. खिळा घेऊन."

"खिळा?"

"कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव कोरावं म्हटलं. अहो, सहा वर्षं ला पासच्या पायऱ्या झिजवल्या मी. अर्ज केले, साहेबांच्या शिपायाच्या पोरीच्या बारशाला गेलो. वस्तीचा अध्यक्ष आणि दगडावर नाव नाही? 'फोर्तु' एवढं झालं, आणि स्वयंपाकघराकडून पावलं वाजली. मी पळालो. पण आईची शपथ, तेव्हा दगड जागेवर होता!"

कासिमिराबाईंना हसू आवरेना. चोर काही आपलं अर्धं नाव मालावर टाकून जात नाही. फोर्तुनातो मूर्ख होते, चोर नव्हते. पण ती पावलं कुणाची?

३

रुफिनो आलानोका मैदानात तिसऱ्या कोनशिलेवर बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. दिवसा मिनीबस चालवायची, संध्याकाळी गोल राखायचा, हा त्याचा संसार.

"या मावशी! चौथा दगड सापडला का? सापडला तर इकडे द्या, बादली तेवढी काढून टाकतो."

"तुझ्यावरच संशय आहे, मेल्या. दगड हवा तुला, आणि पाळणाघर नको तुला. मैदान जाईल म्हणून गल्लोगल्ली बोंबलत होतास."

"अजूनही बोंबलतो!" रुफिनो उठून उभा राहिला. "मैदान गेलं तर पोरांनी काय करायचं? दारू प्यायची? पण दगड चोरून मला काय मिळणार? मावशी, कोनशिला बसली की इथे काही होत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. तीन बसल्या, मैदान जिथल्या तिथे. मी तर देव पाण्यात घालून बसलोय, चौथी एकदाची बसू दे म्हणून. बसली की मैदान वाचलं!"

कासिमिराबाई जागच्या जागी थबकल्या. पोरगं थट्टेत बोललं, पण बोलण्यात तथ्य होतं. ज्याला पाळणाघर नको, त्याला कोनशिला हवी होती. मग कोनशिला नको कुणाला असेल?

त्या तशाच सरकारी जीपकडे गेल्या. तिथे निधीच्या कचेरीतला तरुण इंजिनियर उगार्ते थंडीने काकडत फेऱ्या घालत होता. पोरगा सरळ होता. अंगावर चांगला कोट असूनही सरळ होता, हे विशेष.

"साहेब, तो दगड दिसायला होता कसा?"

"हा एवढा, परातीसारखा सपाट. दोघांनी उचलावा असा. समोरून गुळगुळीत, नावं कोरलेली. मागून नुसती टाकी मारून खडबडीत ठेवलेला. मागची बाजू कोण बघतंय!"

"आणि दगड मिळालाच नाही तर?"

उगार्ते घुटमळला. आजूबाजूला पाहून हळू आवाजात म्हणाला, "नियमात कोनशिला असं कुठे लिहिलेलंच नाही, मावशी. काम सुरू झाल्याचा पुरावा हवा, एवढंच. दगड दाखवा, नाहीतर इमारतीच्या पायात ओतलेलं काँक्रीट दाखवा. आमचे साहेब दगड पसंत करतात. स्वस्त आणि मस्त. सिमेंट, सळया, सगळं रिओ सेकोच्या गोदामात पडून आहे. दगडाचा फोटो एकदा गेला की ते सामान दुसरीकडे वळतं आणि मग..." त्याने मैदानातल्या गोलाकडे हात केला.

"हे तू आणखी कुणाला बोललास?"

"छे! माझी नोकरी जाईल. म्हणजे..." तो कानापर्यंत लाल झाला. "परवा बाजारात जेवताना बोलून गेलो असेन. त्या ताईंच्या हातचे बटाटे फार छान असतात. खोक्यात बाळ झोपवतात बघा, त्या."

कासिमिराबाई तडक सभागृहाकडे वळल्या.

४

त्या स्वयंपाकघरात परतल्या तेव्हा आत दोघीच होत्या. पेत्रोनाबाई वाटत होत्या, निल्दा बटाटे सोलत होती, पाठीवरच्या झोळीत नायरा झोपली होती. कासिमिराबाईंनी दार लावून घ्यायला तो टेकवलेला दगड पायाने सरकवला. सरकवता सरकवता वाकून त्याच्या खोलगट भागावरून हात फिरवला. दगड कसा तुळतुळीत लागत होता.

"निल्दा, कंबर का धरलीस?"

"पोती उचलली ना, आई."

"पोती तर रुफिनोने उचलली." त्या स्टुलावर बसल्या. "पेत्रोना, तुझ्या हॅटवर काय लागलंय गं?"

पेत्रोनाबाईंचा हात झटकन हॅटकडे गेला. कडेला कागदाचा एक गुलाबी कपटा चिकटला होता. दुसरा, पिवळा, पाट्याच्या कडेला.

"कार्निव्हलला अजून अवकाश आहे," कासिमिराबाई म्हणाल्या. "मग कपटे कशाला उधळलेस? आणि इथे दारूचा वास कसला? तू तर पीत नाहीस. आपल्याकडे माणूस दारू शिंपडून कपटे उधळतो ते कधी? नवी बस घेतली की, नवं छप्पर चढलं की. नवी वस्तू असा 'चाल्या' केल्याशिवाय वापरायची नाही, हे तुझ्याइतकं कडक कोण पाळतं? या स्वयंपाकघरात काल काहीतरी नवं आलंय."

वरवंटा थांबला.

"तुझी चटणी जन्मात कधी कचकचली नाही. आज कचकचतेय. नव्या पाट्याची टाकी अजून मुरायची आहे ना! आणि तुझा जुना पाटा, तुझ्या आजीने घासून खोलगट केलेला, तो बिचारा दाराला टेकून उभा. अध्यक्षांनी उचलून पाहिला आणि ओळखला नाही, कारण बाबाने उभ्या जन्मात चटणी वाटली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही सगळे लपवलेला दगड शोधत होतो. तू तो लपवलाच नाहीस. पालथा घातलास आणि त्यावर मिरची वाटायला बसलीस."

त्या पाट्यापाशी गेल्या, एक कड जराशी उचलून खाली बोट घातलं. अक्षरं लागली. मंत्र्यांचं नाव, संचालकांचं नाव, आणि कोपऱ्यात खिळ्याने ओरखडलेलं 'फोर्तु'.

"अगं बये," पेत्रोनाबाई पुटपुटल्या, "नवा पाटा कोरडा कसा वापरायचा? धरणीमाय काय म्हणेल? चोरीचा झाला म्हणून काय झालं!"

"आणि कापडाची चौघडीही घातलीस."

"ती मी घातली," निल्दा उठून उभी राहिली. "दगड चोरायचं माझ्याच डोक्यातून निघालं. पेत्रोनाआईला मी भरीला घातलं. काय करायचं ते मला कर."

सकाळपासून कासिमिराबाई विचारत होत्या, पाळणाघर कुणाला नको? ज्यांना नको होतं ते सगळे निर्दोष निघाले. आता पुढ्यात उभी होती ती, वस्तीत जिला त्याची सगळ्यात जास्त गरज होती.

"वेडी का तू? आज काही झालं नाही तर निधी जाईल. नायरा त्या खोक्यातच..." त्यांचा आवाज फाटला. रागाने की भीतीने, त्यांचं त्यांनाच कळेना.

"आई, तीन दगड पेरले इथे. उगवलं का काही?" निल्दाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत होता. "चौथा बसला की साहेब टाळ्या घेऊन जाणार आणि सिमेंट दुसरीकडे जाणार. दगड नसला तर त्यांना खरं काम दाखवावं लागेल. दुसरा रस्ताच नाही त्यांना. मला दगड नकोय. मला भिंती हव्यात, दार हवं, आणि त्या दारातून हातगाडी आत येता कामा नये."

झोळीत नायराने झोपेतच एक लांब सुस्कारा सोडला. त्याच वेळी बाहेर बँडने दणक्यात सलामीची धून सुरू केली. संचालक वेळेआधीच आले होते.

आजवर एकही भांडण न दडपलेली तंटा-सचिव पाट्याकडे पाहत राहिली. मग तिने उचललेली कड सोडून दिली.

"वाट पुढे," ती पेत्रोनाबाईंना म्हणाली. "बारीक वाट. पाहुणे जेवायला आहेत."

५

संचालक बाल्कासार फाटकापासून सभागृहापर्यंत येईतो धापा टाकू लागले. खालच्या माणसांना आमची उंचावरची विरळ हवा पुरत नाही. साहेबांच्या गळ्यात लाल रेशमी मफलर, सोबत फोटोग्राफर, आणि अंगणात वस्तीच्या रेडिओची बाई माइक घेऊन हजर.

"दगड नाही?" साहेबांचा चेहरा मफलरपेक्षा लाल झाला. "मग मी आलो कशाला? निधी परत पाठवावा लागेल!"

फोर्तुनातोंना तेवढ्यात भलतंच सुचलं. "साहेब, मैदानात तीन जुने दगड आहेत! एक उपटू, उलटा करू, रंगाने नाव लिहू. फोटोत काय कळतंय!"

"उत्तम!" साहेब उजळले. "चला!"

कासिमिराबाईंनी वळून पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात निल्दा पांढरीफटक उभी होती. सगळ्यांची वरात मैदानाकडे निघाली, आणि फोर्तुनातोंनी पहार घेऊन पहिल्या दगडाला हात घातला मात्र, रुफिनो त्या दगडावर येऊन फतकल मारून बसला.

"हा आमचा गोल आहे. हलणार नाही."

"अरे, सरकारी दगड आहे तो!"

"सरकारने टाकला, आम्ही वापरला! उद्या अंतिम सामना आहे. माझ्या अंगावरून पहार न्या."

फुटबॉलवाली सगळी फौज त्याच्या मागे येऊन उभी राहिली. दुसऱ्या दगडावर एक बसला, तिसऱ्यावर दोघे. बादलीवरसुद्धा एक बसला, उगाच.

कासिमिराबाईंनी मनातल्या मनात रुफिनोच्या नावाने मेणबत्ती लावली आणि पुढे झाल्या.

"साहेब, तंटा-सचिव म्हणून सांगते. कोनशिला वस्तीबाहेर गेलेली नाही. कुणी विकलेली नाही, फोडलेली नाही. आज जेवणाच्या वेळेपर्यंत ती तुमच्या सेवेला हजर असेल, हा माझा शब्द." यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. "पण फोटो त्याआधी हवा. इंजिनियर, नियम काय म्हणतो?"

उगार्तेने साहेबांकडे पाहिलं, गर्दीत उभ्या निल्दाच्या झोळीतल्या बाळाकडे पाहिलं. "काँक्रीट चालतं," तो म्हणाला, आणि मग जरा मोठ्याने, "दगडापेक्षा पक्का पुरावा आहे तो, साहेब."

"सिमेंट आज कुठून आणणार?" साहेब गुरकावले.

"रिओ सेकोच्या गोदामातून," कासिमिराबाई म्हणाल्या. "तुमचा एक फोन पुरे. पाया खणायला घरटी एक माणूस आहे. आम्ही काय, शुक्रवारी रस्ता खणतो, शनिवारी गटार खणतो. आज पाया खणू."

साहेब कुरकुरले. गोदामवाला जेवायला गेला असेल, ट्रक नसेल, पावसाची लक्षणं आहेत. कासिमिराबाईंनी रेडिओच्या बाईला खूण केली. ती माइक घेऊन एकदम पुढ्यात आली.

"श्रोतेहो, आता संचालक साहेब सांगतील, की चौथ्यांदा ते नुसता दगड ठेवून जाणार, की पहिल्यांदाच कुणी खरं काम सुरू करणार!"

साहेबांनी माइककडे पाहिलं, दगडांवर बसलेल्या फौजेकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढला.

६

ट्रक दोन आले. वस्तीने इतका वेळ फुकट घालवला नव्हता. पाया तोवर खणून तयार होता. बँड वाजवत होता, बायका घमेली वाहत होत्या, आणि उगार्ते आखणी करता करता रुफिनोला समजावत होता की पाळणाघर बादलीकडच्या कोपऱ्यात येईल, बाकी मैदान शाबूत राहील.

"मग आधी का नाही बोललास, बाबा?" रुफिनो म्हणाला आणि त्यानेही फावडं उचललं.

पहिलं काँक्रीट पायात पडलं तेव्हा निल्दा खड्ड्याच्या कडेला उभी होती. तिने नायराला झोळीतून काढून उंच धरलं, तिला दाखवायला. नायराला त्यात काडीचा रस नव्हता; ती ढोलवाल्याच्या टेंगळाकडे बघत होती. साहेबांचा फावडं हातात घेतलेला फोटो निघाला. बूट सिमेंटात गेले, पण फोटो झकास आला आणि कचेरी बंद व्हायच्या आत पोचला.

मग जमिनीवर लांबच लांब कापडं अंथरली गेली. ज्याने त्याने घरून आणलेलं त्यावर ओतलं. बटाटे, बटाटे सुकवून केलेले काळे चुन्यो, मक्याचे दाणे, चीज, तळलेले मासे. साहेब मांडी घालून बसले आणि चटणी चाखून त्यांनी डोळे मिटले. दुपारपासून वाटून वाटून कच कुठल्या कुठे गेली होती.

"वा! कुणी वाटली ही? पाटा चांगला जुना असणार."

"नाही साहेब, अगदी नवा आहे," पेत्रोनाबाई अदबीने म्हणाल्या. "सरकारी मदतीतून मिळालाय."

"बघा!" साहेबांनी सगळ्यांकडे अभिमानाने पाहिलं. "लोक उगाच नावं ठेवतात. आपली मदत अशी थेट चुलीपर्यंत पोचते!"

कासिमिराबाईंना ठसका लागला. फोर्तुनातोंनी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि हळूच विचारलं, "पण तुम्ही शब्द दिला होता. कोनशिला हजर कुठे झाली?"

"झाली की. साहेब आत्ता तिचंच कौतुक करताहेत. आणखी चटणी घ्या, अध्यक्ष. त्यात तुमचंही थोडं नाव उतरलंय."

ते कळायला फोर्तुनातोंना चांगला आठवडा लागला. कळलं तेव्हा ते रागावतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, की पुढेमागे पाटा उलटायची वेळ आली तर उरलेली अक्षरं कोरू द्या.

पुढच्या थंडीत पाळणाघर उघडलं. त्याच्या भिंतीवर कुणाच्याच नावाचा दगड नाही. दगड आहे तो आत, स्वयंपाकघरात, पालथा. पोरांच्या जेवणाला रोज त्यावर टोमॅटो वाटतात, मिरची न घालता. दार भक्कम आहे, आतून कडी आहे, आणि बाहेर पायरी एवढी उंच केली आहे की कुठलीही हातगाडी आत यायची नाही.

निल्दाच्या गाळ्याखाली ते केळ्यांचं खोकं अजून आहे. आता त्यात कांदे असतात.